नर्सिंगला जायचंय? फी भरायच्या आधी ताईला हे विचारा

लोकलमध्ये नेटवर्क जातं, हेडफोन घरी राहतो, नाइटला आवाज चालत नाही. अशा सगळ्यांसाठी हा एपिसोड लिहून काढलाय. बोलताना मी बरीच इकडेतिकडे भटकले होते, ते थोडं आवरलंय. बाकी भाषा बोलल्यासारखीच ठेवलीय.

विषय सुचला एका व्हॉइस मेसेजवरून. बारावी आर्ट्स झालेली मुलगी आहे. तालुक्याच्या गावात एका इन्स्टिट्यूटचा बोर्ड लागलाय, ‘एका वर्षात नर्स बना, नोकरीची हमी’. फी साठ हजार, वडील सोयाबीन विकून भरणार आहेत. तिनं विचारलंय, "ताई, नर्सिंग कसं आहे? करू का?"

आता खरं सांगते, ‘नर्सिंग कसं आहे’ या प्रश्नाला काही अर्थ नाही. सलग तीन नाइट करून घरी आलेल्या सिस्टरला विचारलंत तर ती म्हणेल, "बाई, काहीही कर, पण हे नको." त्याच सिस्टरला एखादा पेशंट बरा होऊन जाताना पाया पडून गेला असेल त्या दिवशी विचारा, ती म्हणेल, "यासारखं दुसरं काम नाही." दोन्ही खरंच बोलतेय ती. तुम्हाला मात्र त्यातून काहीच कळत नाही. सीनियरकडून सल्ला घ्यायचा तर प्रश्न असा हवा, ज्याचं उत्तर मूडवर बदलत नाही.

त्यातला पहिला आणि सगळ्यात महागडा प्रश्न: हा कोर्स केल्यावर मला रजिस्ट्रेशन नंबर मिळेल का?

नर्स हा शब्द आपल्याकडे पांढरे कपडे घातलेल्या कुणालाही लावतात. पण कागदावर नर्स म्हणजे जिचं नाव नर्सिंग कौन्सिलच्या नोंदवहीत आहे ती. आपल्या राज्यात ही नोंद महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल करतं. तिथं पोचायचे मुख्य रस्ते तीन. एएनएम दोन वर्षांचं आणि फक्त मुलींसाठी. उपकेंद्रात लसीकरणाला येणाऱ्या नर्सताई आठवा, त्या बहुतेक एएनएम. जीएनएम तीन वर्षांचं. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं, त्याला बारावी सायन्स लागतं, फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी आणि इंग्रजीसह, आणि राज्याच्या सीईटी सेलची परीक्षा द्यावी लागते. बीएस्सीची डिग्री नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. एएनएम आणि जीएनएमला आर्ट्स, कॉमर्सवालेही चालतात, बारावीला इंग्रजी असलं पाहिजे.

म्हणजे आमच्या या मुलीला दार बंद नाहीच. तिला कुणीतरी चुकीचं दार दाखवतंय.

कारण सहा महिन्यांचा, वर्षाचा जो कोर्स असतो, तो नर्सिंग असिस्टंटचा, पेशंट केअरचा, होम केअरचा. तो वाईट नाही. त्यावर कामं मिळतात, घरी आजी-आजोबांची काळजी घेणाऱ्यांना मागणीही आहे. पण तो करून तुम्ही रजिस्टर्ड नर्स होत नाही. सरकारी भरतीचा नर्सचा फॉर्म भरता येत नाही, परदेशाचा तर विषयच सोडा. पाच वर्षं एखाद्या छोट्या हॉस्पिटलमध्ये इंजेक्शनं दिली, सलाइनं लावली, तरी कागदावर तुम्ही असिस्टंटच. आणि काही गडबड झाली तर डॉक्टर म्हणतो, "हिचं रजिस्ट्रेशनच नाही." आमच्या वॉर्डात अशा दोन मुली आहेत. हात इतका चांगला की बारीक शिरेतही पहिल्या झटक्यात कॅन्यूला लावतील. पगार माझ्या निम्म्याहून कमी. त्यांच्याकडे बघून मला या बोर्डवाल्यांचा राग येतो, कारण कोर्स विकताना कुणीही त्यांना हा फरक सांगितला नव्हता.

तर करायचं काय? इन्स्टिट्यूटवाल्याला सरळ विचारा, "हा एएनएम आहे, जीएनएम आहे की बीएस्सी? एका शब्दात सांगा." तो ‘त्याच्याच बरोबरीचा’, ‘केंद्र सरकार मान्य’, ‘आयएसओ’ असं काही बोलायला लागला की उठा. तिन्हीपैकी एक नाव सांगितलं तर कॉलेजचं नाव कौन्सिलच्या आणि बीएस्सी असेल तर विद्यापीठाच्या यादीत स्वतः शोधा. त्याच्या मोबाइलवरचा पीडीएफ बघू नका, आपल्या मोबाइलवर उघडा. आणि मग त्याच कॉलेजची मागच्या बॅचची एखादी मुलगी गाठून तिला विचारा, "ताई, तुझा नंबर आला का? किती दिवसांत आला?" ही तिसरी पायरी लोक गाळतात, आणि मला विचाराल तर तीच सगळ्यात पक्की आहे. वेबसाइटवर सगळं छान असू शकतं. पास होऊन वर्ष झालं तरी नंबर न आलेली मुलगी मात्र खोटं बोलणार नाही.

यातच एक उपप्रकार आहे, तो कर्नाटकातल्या ॲडमिशनचा. आपल्याकडची बरीच मुलं तिकडे जातात, चांगली कॉलेजंही आहेत. पण एजंट जर म्हणाला, "कॉलेजला जायची गरज नाही, फक्त परीक्षेला या," तर तिथंच थांबा. नर्सिंग हा घरी बसून करायचा कोर्स नाही. क्लिनिकल पोस्टिंगचे तास भरले नाहीत तर पुढं चौकशीत अडकाल, आणि त्याहून मोठं म्हणजे पहिल्याच दिवशी पेशंटसमोर उभं राहिल्यावर हातपाय गळतील. शिवाय परराज्यातून शिकून आलात तर इकडे नोंदणीसाठी तिकडच्या कौन्सिलची कागदपत्रं लागतात. त्याला किती चकरा झाल्या, हे तिकडून आलेल्या सीनियरलाच विचारायचं.

पैशाचं एक सांगून पुढं जाते. काही जिल्हा रुग्णालयांना जोडलेली सरकारी परिचर्या प्रशिक्षण केंद्रं आहेत, तिथली फी खासगीपेक्षा खूप कमी. आणि 2024-25 पासून राज्यात ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक कोर्सच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात 100 टक्के सवलत आहे. अट अशी की प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून सीट घेतली की ही सवलत गेली. तुमच्या कोर्सला ती लागू आहे का, हे ॲडमिशनच्या आधी विचारा, नंतर नाही. सोयाबीन विकायच्या आधी एवढी चौकशी व्हायलाच हवी.

ओरिजिनल कुठं आहेत?

आता ज्यांचं शिक्षण झालंय, पहिली नोकरी शोधताय, ते जवळ या.

इंटरव्ह्यूला सगळे पगार विचारतात. विचाराच. पण ज्या हॉस्पिटलला जाताय तिथं सध्या काम करणाऱ्या किंवा सोडून गेलेल्या नर्सला हे विचारा: तुझी ओरिजिनल सर्टिफिकेट्स कुठं आहेत? आणि सोडताना परत किती दिवसांत मिळाली?

आपल्याकडे बाँडची पद्धत जुनी आहे. वर्ष-दोन वर्षं सोडायचं नाही, सोडलंत तर पैसे भरा, आणि तोवर मार्कशीट आणि रजिस्ट्रेशन आमच्या कपाटात. 2011 मध्ये मुंबईतल्या एका खासगी हॉस्पिटलमधल्या केरळच्या तरुण नर्सच्या मृत्यूनंतर हा प्रश्न देशभर गाजला, नर्सेस संपावर गेल्या. बाँड पद्धत बंद करा, असं इंडियन नर्सिंग कौन्सिलनंही तेव्हा संस्थांना कळवलं. तरी आजही ‘फक्त व्हेरिफिकेशनसाठी’ म्हणून ओरिजिनल मागून घेतात आणि ती परत यायचं नाव नाही. दाखवा, त्यांच्यासमोर तपासू द्या, झेरॉक्स सही करून द्या. ठेवूनच घ्यायची असतील तर कुठली कागदपत्रं घेतली आणि कधी परत देणार, याची शिक्क्यासह पोच घ्या. पोच द्यायला नकार मिळाला तर हॉस्पिटल कसं आहे, ते तिथंच कळलं.

पगाराबद्दल एक गोष्ट माहीत असू द्या. सुप्रीम कोर्टाने 2016 मध्ये सांगितल्यावर केंद्र सरकारने खासगी हॉस्पिटलमधल्या नर्सच्या पगाराबद्दल समिती नेमली. समितीचं म्हणणं थोडक्यात असं: 200 पेक्षा जास्त बेडचं हॉस्पिटल असेल तर पगार राज्य सरकारी नर्सएवढा, 100 ते 200 बेड असतील तर त्याहून फार तर 10 टक्के कमी, 50 ते 100 ला फार तर 25 टक्के कमी, आणि 50 बेडच्या खाली असेल तरी 20,000 रुपयांच्या खाली नको. ही शिफारस आहे, त्यामुळे हातात पडणारा आकडा यापेक्षा खूप कमी असू शकतो. पण एचआरवाला "फ्रेशरला आठ हजारच असतात" म्हणाला की निदान मनात तरी ठेवा की हा आकडा आकाशातून पडलेला नाही, त्यानं ठरवलेला आहे.

आणि नाइटला किती पेशंटमागे एक नर्स, हेही विचारून घ्या. आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला एक नर्स हवी. तिथली मुलगी म्हणाली "आम्ही तीन बघतो", तर तुम्हीही तीनच बघणार आहात.

सुई टोचली तर

आता जे सांगतेय ते वर्गात शिकवतात, परीक्षेला येतं, आणि पहिल्या महिन्यात सगळे विसरतात. म्हणजे विसरत नाहीत, घाबरतात.

नवीन मुलगी. पहाटे चार. रक्त घेतलं, सुईला परत टोपण लावायला गेली (लावायचं नसतं, पण घाईत हात जातोच) आणि बोटात शिरली. ग्लोव्ह काढलं, थेंबभर रक्त. तिच्या डोक्यात पहिला विचार काय येतो? "इन्चार्ज सिस्टर ओरडतील." म्हणून ती बोट धुते, बँडेज लावते आणि कुणालाच सांगत नाही. मग तीन महिने झोप नाही.

असं करायचं नाही. बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायचं आणि लगेच, त्याच मिनिटाला, ड्यूटीवरच्या सीनियरला सांगायचं. पेशंटचा एचआयव्ही, हेपटायटिस बी आणि सीचा रिपोर्ट बघितला जातो, तुमचंही रक्त तपासतात. एचआयव्हीचा धोका असेल तर प्रतिबंधक गोळ्या शक्यतो दोन तासांत सुरू करायच्या, उशिरात उशिरा 72 तासांत. त्यानंतर त्यांचा उपयोग राहत नाही. म्हणजे सकाळी मॅडम राउंडला आल्या की सांगू, असं म्हणून चार-पाच तास घालवणं परवडत नाही. आणि हेपटायटिस बीची लस: तीन डोस, पहिला घेतल्यावर महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. पोस्टिंग सुरू व्हायच्या आधी सुरुवात करा.

हे मी एवढं ताणून सांगतेय, कारण इथं ज्ञान कमी पडत नाही, माणूस कमी पडतं. आमच्या वॉर्डात नवीन बॅच आली की एक जुनी सिस्टर पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगते, "सुई टोचली तर मला उठवायचं. मी जेवत असले तरी, घरी असले तरी. ओरडणार नाही." दोन वाक्यं. ते ऐकलेल्या मुली सांगतात, बाकीच्या लपवतात. सीनियर मंडळी, तुम्ही हे वाचत असाल तर उद्या ड्यूटीवर गेल्यावर आपल्या ज्युनियरला एवढं बोला. औषध चुकलं असेल, आयव्हीचा रेट चुकला असेल, त्यालाही हेच लागू. जी मुलगी दहा मिनिटांत येऊन सांगते, तिच्या पेशंटला वाचवता येतं.

ज्युनियरनी शिव्या खात खातच शिकायचं, आम्हीही तसेच शिकलो, असं म्हणणाऱ्या खूप आहेत. मला ते पटत नाही. मी शिकले ती मला हात धरून कॅथेटर टाकायला शिकवणाऱ्या सिस्टरमुळे, ओरडणाऱ्यांमुळे फक्त मेट्रन ऑफिससमोरून जायचा रस्ता बदलला.

पटापट काही

ब्रदर लोक विचारतात, मुलांना स्कोप आहे का? आहे, आयसीयू, ओटी, कॅज्युअल्टीत भरपूर. पण एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत जागा 80 टक्के महिलांना, 20 टक्के पुरुषांना असतात, हे गणित धरून अभ्यास करा. त्याच नॉरसेट परीक्षेला जीएनएमवाल्यांना किमान 50 बेडच्या हॉस्पिटलचा दोन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणून पहिली नोकरी घेताना बेड मोजा आणि अनुभवाचं सर्टिफिकेट कोणत्या शब्दांत देतात ते आधीच्या स्टाफला विचारा.

परदेशाबद्दल वेगळा एपिसोड करते. तोवर एकच: जर्मनीला जायचं तर भाषा शिकावीच लागते, बी-टूपर्यंत, आणि त्याला वेळ लागतो. ‘तीन महिन्यांत जर्मनी’ हा बोर्ड आणि ‘एका वर्षात नर्स’ हा बोर्ड रंगवणारा पेंटर मला एकच वाटतो.

बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप ठेवा, तो फार कामाला येतो. भरतीच्या लिंक, नोट्स, कोण कुठल्या हॉस्पिटलला लागलं, सगळं तिथं मिळतं. पेशंटचे फोटो आणि केस पेपर मात्र तिथं टाकू नका, नाव झाकून पण नको. आणि एखादी मैत्रीण चार दिवस ग्रुपवर गप्प असेल, नाइट झाल्यावर रडतेय असं कळलं, तर तिला फोन करा, मेसेज नको. तिला बोलायला कुणी तटस्थ हवं असेल तर टेली-मानसचा नंबर 14416 आहे, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

त्या मुलीला मी उत्तर पाठवलंय: साठ हजार भरू नकोस, आधी जिल्हा रुग्णालयात जाऊन एएनएम आणि जीएनएमच्या प्रवेशाची चौकशी कर, वडिलांनाही सोबत ने. तिचा रिप्लाय आला, "ताई, पण त्यांनी पाच हजार ॲडव्हान्स घेतलाय." ते परत कसे मागायचे हे ज्यांनी स्वतः करून बघितलंय त्यांनी व्हॉइस मेसेज टाका, पुढच्या एपिसोडला तेच घेऊ.