वजन थोडे जास्त आहे, म्हणून पोटाचे ऑपरेशन करावे का?



दीपनगर, फेकरी, निंभोरा या भागात रक्तदाब आणि साखर तपासायला बसले की अलीकडे एक प्रश्न हमखास येतो. "ताई, ते पोट लहान करायचं ऑपरेशन असतं ना, ते मी करू का?" विचारणारी बाई बहुतेक वेळा पाच फुटांच्या आसपास उंचीची आणि पासष्ट-अडुसष्ट किलो वजनाची असते. कोणाचे गुडघे दुखतात, कोणाला नुकतीच शुगर निघालेली असते, तर कोणाच्या मुलीला पाहुणे "जाड आहे" म्हणून नकार देऊन गेलेले असतात. मोबाईलवर जाहिरात येते, हप्त्याने पैसे भरायची सोयही असते. मग घरात दागिने मोडायची चर्चा सुरू होते.

हे ऑपरेशन खोटे नाही आणि फसवणूकही नाही. २०११ मध्ये नितीन गडकरी यांनी ते मुंबईत करून घेतले. २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांना सुमारे ५०० किलो वजनावर उपचारासाठी मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणले होते. पण त्या बातम्या पाहून पासष्ट किलोच्या बाईने स्वतःचा निर्णय घेऊ नये. ऑपरेशन कोणाला लागते आणि कोणाला लागत नाही, ते नीट समजून घेऊ.

आधी स्वतःचा आकडा काढा

डॉक्टर बीएमआय नावाचा आकडा पाहतात. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागले की तो मिळतो. पाच फूट म्हणजे १.५२ मीटर. वजन ६५ किलो असेल तर बीएमआय साधारण २८ येतो.

भारतीयांसाठी २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. पाच फूट उंचीच्या बाईसाठी २३ म्हणजे ५३ किलो, २५ म्हणजे ५८ किलो, ३० म्हणजे ६९ किलो.

आता ऑपरेशनचे आकडे पाहा. २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी एकत्र बसून ठरवले की बीएमआय ३७.५ च्या वर असेल, किंवा ३२.५ च्या वर असून सोबत मधुमेह, रक्तदाब यांसारखा आजार असेल, तर ऑपरेशनचा विचार करावा. पाच फुटांच्या बाईसाठी हे ८७ आणि ७५ किलो होतात. २०२२ मध्ये या शस्त्रक्रियेच्या जागतिक संघटनांनी आशियाई लोकांसाठी मर्यादा २७.५ पर्यंत खाली आणली. म्हणजे पाच फुटांना साधारण ६४ किलो.

घोळ होतो तो इथेच. २७.५ चा आकडा दाखवून "तुम्ही बसता" असे सांगितले की बाईला वाटते, आपल्याला ऑपरेशन लागतेच. त्या आकड्याचा अर्थ इतकाच की इथून पुढे डॉक्टर हा पर्याय समोर ठेवू शकतात. करायलाच हवे, असा त्याचा अर्थ नाही.

विम्याची रेषा तर फार वर आहे. विमा नियामकाच्या नमुना अटींप्रमाणे बीएमआय ४० किंवा जास्त हवा. नाहीतर ३५ किंवा जास्त असून सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र आजार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह हवा, आणि साधे उपाय करून थकलेले असायला हवे. म्हणजे २८ बीएमआयवर ऑपरेशन केले तर काही लाखांचा खर्च आपल्याच खिशातून जाणार.

मग २३ ची भीती कशाला?

वजन थोडेच जास्त आहे म्हणजे काळजी नाही, असेही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक प्रसिद्ध फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांमध्ये २१.२ टक्के निघाली. आपण वरून बारीक दिसतो आणि आत चरबी साठवतो, तीही पोटात. म्हणून कमी वजनातही आपल्याकडे साखर लागते.

त्यामुळे वजनकाट्याबरोबर टेपही वापरा. बाईची कंबर ८० सेंटीमीटरच्या पुढे आणि पुरुषाची ९० च्या पुढे गेली की साखर आणि रक्तदाब तपासून घ्या.

ऑपरेशनमध्ये काय करतात

'स्लीव्ह' प्रकारात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून काढून टाकतात. उरते ती केळ्याच्या आकाराची नळी. काढलेला भाग परत जोडता येत नाही. 'बायपास' प्रकारात जठराची छोटी पिशवी करून ती खाली आतड्याला जोडतात. दोन्हींमुळे भूक कमी होते आणि थोड्या खाण्यात पोट भरते. चरबी ओढून काढणे, म्हणजे लायपोसक्शन, ही वेगळी गोष्ट आहे. त्याने शरीराचा आकार बदलतो, पण तो लठ्ठपणाचा किंवा शुगरचा इलाज नाही.

धोका किती? अमेरिकेत ४,७७६ रुग्णांची पाहणी करून २००९ मध्ये निष्कर्ष छापले गेले. पहिल्या ३० दिवसांत हजारी तीन रुग्ण दगावले आणि शंभरात चारांना मोठा त्रास झाला. हे रुग्ण खूप वजनाचे होते. टाके गळणे, रक्तस्राव, पायात गुठळी होणे हे सुरुवातीचे धोके. पुढे पित्ताचे खडे, आंबट ढेकर आणि जळजळ, केस गळणे, आणि लोह, बी-१२, कॅल्शियम, ड जीवनसत्त्वाची कमतरता होऊ शकते. म्हणून गोळ्या आणि रक्ततपासणी जन्मभर चालू ठेवावी लागते. काही वर्षांनी वजन पुन्हा वाढूही शकते.

आपल्या घरांत काय अडते

पहिली गोष्ट रक्ताची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांपैकी ५७ जणींच्या अंगात रक्त कमी निघाले. वजन जास्त असलेल्या बाईचेही हिमोग्लोबिन नऊ असू शकते. अशा बाईचे जठर कापले की लोह अंगी लागणे आणखी अवघड होते.

दुसरी, सिकलसेल. विदर्भ-खान्देशात आदिवासी बांधवांत आणि आपल्या बौद्ध समाजातही हा आजार आढळतो. सिकलसेलच्या रुग्णाला भूल देताना वेगळी काळजी घ्यावी लागते. कोणत्याही मोठ्या ऑपरेशनआधी ही तपासणी करून घ्या आणि घरात कोणाला असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

तिसरी, आपला उन्हाळा. या ऑपरेशननंतर घटाघट पाणी पिता येत नाही, दिवसभर घोट घोट प्यावे लागते. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत ठेकेदाराकडे किंवा शेतात राबणाऱ्याला ते कसे जमेल? शिवाय काही आठवडे जड उचलता येत नाही. त्या दिवसांची मजुरी कोण देणार?

चौथी गोष्ट लग्नाच्या मुलीची. ऑपरेशननंतर साधारण १२ ते १८ महिने दिवस राहू देऊ नयेत असे सांगतात, कारण त्या काळात आईचेच पोषण अपुरे असते. आपल्याकडे लग्नानंतर सहा महिन्यांत "काही आहे का?" सुरू होते. म्हणून नुसत्या लग्नासाठी मुलीच्या पोटावर सुरी चालवू नका. तिला नाकारणाऱ्या पाहुण्यांसाठी तिने जन्मभर गोळ्या का खाव्यात?

शुगर आटोक्यात येत नसेल तर

इथे उत्तर बदलते. अमेरिकेत १५० मधुमेही रुग्णांवर एक अभ्यास झाला. त्यांचा बीएमआय २७ ते ४३ होता आणि शुगर आटोक्याबाहेर होती. पाच वर्षांनी, २०१७ मध्ये, निकाल आला. तीन महिन्यांची सरासरी साखर सहाच्या खाली आणण्यात नुसत्या औषधांवर शंभरात ५ जण यशस्वी झाले, स्लीव्हनंतर २३ आणि बायपासनंतर २९. म्हणजे फायदा खरा आहे, पण सगळ्यांची शुगर 'पळून' जात नाही.

तेव्हा बीएमआय तिशीच्या पुढे आहे, औषधे नियमित घेऊनही शुगर उतरत नाही, अशा माणसाने ऑपरेशनबद्दल जरूर विचारावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण २६-२८ बीएमआय आहे, शुगर नाही किंवा गोळीवर ठीक आहे, अशांनी आधी बाकीचे उपाय करून पाहावेत.

आधी काय करावे

वजन का वाढले ते शोधा. थायरॉइड, पाळीच्या तक्रारी आणि पीसीओएस, स्टेरॉइडच्या गोळ्या, मनाच्या आजाराची काही औषधे, बाळंतपण, पॉवर हाऊसमधली नाईट शिफ्ट, यातले काही कारण असेल तर त्याचा इलाज वेगळा असतो. तीस वर्षांवरील प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. आशाताईंना विचारा.

साध्या बदलांनी काही होत नाही असे म्हणू नका. चेन्नईच्या डॉक्टरांनी ५३१ भारतीयांवर अभ्यास करून २००६ मध्ये तो छापला. त्यांना शुगर लागायच्या बेतात होती, आणि सरासरी बीएमआय २६ च्या आसपास, म्हणजे आपल्यासारखाच होता. चालणे आणि खाण्यातल्या बदलाने मधुमेहाचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले. गंमत म्हणजे वजन फारसे उतरले नव्हते, तरी फायदा झाला. काटा हलला नाही म्हणून चालणे सोडू नका.

घरात सुरुवात अशी करा. दिवसाला सहा कप चहा, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम साखर नुसत्या चहातून जाते. ती निम्मी करा. शेवभाजीची तर्री आणि भरितासोबतची पुरी सणावाराला ठेवा. एरवी भरितासोबत कळण्याची भाकरी खा. तेल माणशी महिन्याला अर्ध्या ते पाऊण लिटरच्या वर जाऊ देऊ नका. डाळ, अंडी, मटकी, शेंगदाणे यांतले काही रोज ताटात हवे. उपाशी राहू नका. उन्हाळ्यात पहाटे चाला, रोज अर्धा तास.

संयुत्त निकायात राजा प्रसेनजिताची गोष्ट आहे. तो भरपेट जेवून धापा टाकत तथागतांकडे आला. तथागतांनी त्याला मोजून खाण्याचा उपदेश केला. राजाने तो एका तरुणाला पाठ करायला लावला आणि रोज जेवताना म्हणायला सांगितला. हळूहळू त्याचे खाणे आणि वजन उतरले. बाईने एकटीने ताट वेगळे काढून हे होत नाही. घरातल्या कोणीतरी तिच्यासोबत खाणे बदलायला हवे, तिच्यासोबत चालायला हवे.

वजनाची नवी इंजेक्शनेही २०२५ पासून भारतात मिळतात. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय, ओळखीच्या मेडिकलवरून घेऊ नका.

सही करण्याआधी हे विचारा

माझा बीएमआय किती आणि माझ्यासाठी ऑपरेशन का सुचवता? कोणते ऑपरेशन, आणि तुम्ही अशी किती केली आहेत? रात्री त्रास झाला तर कुठे यायचे? पुढच्या गोळ्या आणि तपासण्यांचा वर्षाचा खर्च किती? विमा किंवा महात्मा फुले जन आरोग्य योजनेत माझे ऑपरेशन बसते का? हे शेवटचे तोंडी ऐकू नका, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून कागदावर घ्या.

त्यानंतर तीच फाईल घेऊन जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दुसरे मत घ्या. "आजच भरा, ऑफर संपते" असे कोणी म्हणाले तर उठून घरी या. मध्यम वजनासाठी हे ऑपरेशन कधीच तातडीचे नसते. सहा महिने थांबून वरचे उपाय करून पाहिले तर तुमचे नुकसान काही होणार नाही, आणि दागिनेही घरातच राहतील.