जवसाची चटणी आणि हृदय

मैत्रिणींनो, करडईचे तेल आपल्या वालूर-सेलूकडे नवे नाही. त्यातले सुमारे ७५ टक्के लिनोलिक आम्ल रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल उतरवते. दुसरे उपयोगी आम्ल जवसात. जवसाच्या तेलाचा निम्मा भाग तोच! त्यातून थोडी दाह शमवणारी द्रव्ये बनतात. रक्तवाहिनीत दाह झाला की चरबीचा थर फुटून गुठळी होण्याची भीती असते. तेव्हा जवस भाजून, कुटून चटणी करा. रोज चमचाभर पुरे. डॉक्टरांच्या गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत. तळणाचे तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. आणि हो, पाळी थांबल्यावर बायकांच्याही हृदयाचा धोका वाढतो. यजमानांबरोबर स्वतःचेही रक्त तपासून घ्या हं!