खुंटीवरची बंदूक

कोंकणांत ज्यांची शेती-बागायत आहे, अशा कांहीं कुटुंबांत पिकाच्या रक्षणासाठीं परवान्याची बंदूक असते. भात पिकूं लागलें कीं रानडुकरें एका रात्रींत शेत उलथून टाकतात. म्हणून ती घरांत असावी कीं नसावी, हा वाद मी येथें घालीत नाहीं. ज्या घरांत ती आहे, तेथील वडील माणसांशीं आणि सुटींत मुलांना अशा घरीं धाडणाऱ्या आईबापांशीं मला चार शब्द बोलावयाचे आहेत. परंतु शिक्षक म्हणून उपदेश करण्यापूर्वीं स्वतःचा एक अपराध सांगणें प्राप्त आहे.

१९७१ च्या दिवाळींत मी राजापूर तालुक्यांत आजोळीं गेलों होतों. वय ११. मामा रात्रीं माळ्यावर राखणीला जात. सकाळीं त्यांची एकनळी बंदूक माजघरांतील खुंटीवर टांगलेली असे. ‘बंदुकीला हात लावावयाचा नाहीं,’ हा नियम आम्हां भावंडांना रामरक्षेइतका पाठ होता. एके दुपारीं वडील मंडळी निजली असतां मीं चौरंगावर चढून ती खालीं काढली. मामेभाऊ रानडुक्कर झाला, मी शिकारी. घोडा चढविला, नळी त्याच्या छातीकडे धरली आणि चाप ओढला. ‘खट्’ असा आवाज झाला, एवढेंच. त्या पहाटे मामांनीं काडतूस काढून सदऱ्याच्या खिशांत ठेवलें होतें. आदल्या दोन दिवशीं जागरणाच्या थकव्यानें तें काढावयास विसरलों होतों, असें त्यांनीं मागाहून सांगितलें.

मामांनीं मला मारलें नाहीं. ते इतकेंच म्हणाले, “चूक तुझी आहे, पण ती खुंटीवर मीं टांगली होती.” दुसऱ्याच दिवशीं सुतार बोलावून त्यांनीं बंदूक मावेल अशी लांब पेटी करविली. काडतुसें निराळ्या कुलपांत गेलीं. पेटीची किल्ली अखेरपर्यंत मामांच्या जानव्याला होती.

पुढें आयुष्यभर मीं वर्गांत नियम शिकविले, ते मुलांकडून घोकवून घेतले. परंतु नियम म्हणतां येणें निराळें आणि मोहाच्या क्षणीं तो पाळतां येणें निराळें. हें माझें एकट्याचें मत नव्हे. अमेरिकेंत पुष्कळ घरांत पिस्तुलें असतात, म्हणून तेथील डॉक्टरांनीं याची परीक्षाच घेतली. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासांत ८ ते १२ वर्षांच्या ६४ मुलग्यांना दोघां-तिघांचे गट करून एका खोलींत सोडलें होतें. तेथील एका खणांत खरें, परंतु निकामी केलेलें पिस्तूल होतें. ४८ मुलांना तें सांपडलें. ३० जणांनीं तें हाताळलें आणि १६ जणांनीं चापही ओढला. हाताळणाऱ्यांपैकीं शेंकडा ९० हून अधिक मुलांनीं बंदुकीविषयींचा उपदेश पूर्वीं ऐकलेला होता!

मग मुलांना शिकवूं नये काय? अवश्य शिकवावें. लहान मुलास चार गोष्टी पुरेत: थांब, हात लावूं नकोस, तेथून दूर हो, मोठ्या माणसाला सांग. परंतु त्या नुसत्या घोकवूं नयेत. खेळण्यांतली बंदूक टेबलावर ठेवून मुलाकडून ही कृति पुनःपुन्हां करवून घ्यावी. सांगावयास आलेल्या मुलास चुगलखोर म्हणूं नये, उलट शाबासकी द्यावी. मोठ्या मुलास कारण समजावून द्यावें: ठासणीची बंदूक भरलेली आहे कीं रिकामी, हें नुसतें पाहून कळत नाहीं; म्हणून प्रत्येक बंदूक भरलेलीच समजावी आणि थट्टेंतही तिची नळी कोणाकडे करूं नये.

हें सर्व शिकविलें, तरी त्यावर विसंबूं नये. उपदेश हें कुलूप नव्हे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानें २१ वर्षांखालील व्यक्तीस बंदूक बाळगण्यास सामान्यतः मनाई केली आहे. मग ११ वर्षांच्या पोराच्या संयमावर घराची भिस्त कशी ठेवावी? बंदूक रिकामी करूनच घरांत आणावी. ती कुलपांत, काडतुसें दुसऱ्या कुलपांत आणि किल्ल्या परवानाधारकाच्या अंगावर असाव्यात. कपाटावर किंवा अंथरुणाच्या वळकटींत लपविणें व्यर्थ होय; मुलांना घराचा कोपरा न् कोपरा ठाऊक असतो. दसऱ्याच्या पूजेसाठीं काढलेली बंदूकही रिकामीच असावी, आणि पूजा आटोपतांच ती पेटींत जावी.

राहतां राहिला संकोच. मुलें नातलगांकडे धाडतांना ‘विहिरीला कठडा आहे ना?’ असें आपण सहज विचारतों. तितक्याच सहजपणें बंदुकीविषयींही विचारावें. सुज्ञ नातलग त्याचा राग मानणार नाहीं.

ज्याच्यावर मीं नेम धरला होता, तो मामेभाऊ आज आजोबा झाला आहे. मामांची किल्ली आतां त्याच्या जानव्याला असते. माझीं नातवंडें सुटींत तिकडे निघालीं कीं मी फोनवर प्रथम तिची चौकशी करतों. तो कधीं रागावत नाहीं.