फोटोसाठी लॅपटॉप घेताना आधी स्क्रीन पाहा

फोटो एडिटिंगसाठी लॅपटॉप घ्यायला निघालेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो तो प्रोसेसरचा: आय५ घ्यावा की आय७? मग ग्राफिक्स कार्ड, मग रॅम. स्क्रीनचा विषय निघालाच तर ती किती इंची आहे, एवढ्यावर थांबतो. खोक्यावरचे ठळक आकडेही याच क्रमाने छापलेले असतात, त्यामुळे विक्रेत्याची उत्तरेही त्याच क्रमाने येतात. फोटोच्या कामासाठी हा क्रम उलटा आहे. प्रोसेसर कमी पडला तर काम उशिरा होते, आणि उशीर होतोय हे समोर दिसत असते. स्क्रीन कमी पडली तर काम चुकते, आणि ते चुकल्याचे अल्बम छापून हातात येईपर्यंत कळत नाही. म्हणून या खरेदीतले बहुतेक गैरसमज एकाच मुळाशी जातात: वेगाला दर्जा समजणे.

चूक नेमकी कशी होते ते पाहू. स्वस्त लॅपटॉपच्या स्क्रीनला ठरावीक रंगांपलीकडचे रंग दाखवताच येत नाहीत. गडद लाल तिथे विटकरीकडे झुकतो, हिरवा मळकट होतो. लग्नाचे फोटो अशा स्क्रीनवर उघडले की कुंकवाचा लाल निस्तेज वाटतो, हिरवा शालू उतरल्यासारखा दिसतो, अष्टपुत्रीचा पिवळा फिका पडतो. एडिट करणारा साहजिकच सॅच्युरेशन वाढवतो, त्या स्क्रीनवर रंग ‘बरोबर’ दिसेपर्यंत वाढवतो. फाइलमध्ये मात्र ते रंग आधीच पुरेसे भरलेले होते. आता लाल चॅनल कमाल मूल्याला, म्हणजे २५५ला जाऊन टेकतो. साडीच्या निऱ्यांमधला छायाप्रकाश त्या सपाट लालात बुडतो आणि चेहऱ्यांवर नारिंगी झाक चढते. लॅबने फाइल जशी आली तशी छापली, तरी दोष लॅबच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात फोटो बिघडला तो एडिटिंगच्या टेबलावर, तोही एखाद्या अतिशय वेगवान प्रोसेसरवर बिघडलेला असू शकतो.

हे टाळायचे तर एक आकडा वाचता यायला हवा. अनेक स्वस्त आणि मध्यम किमतीच्या लॅपटॉपच्या माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. एनटीएससी हे अमेरिकेत १९५३ साली ठरलेले रंगीत दूरदर्शनचे प्रमाण. आजच्या फोटोंशी त्याचा थेट संबंध नाही, पण पॅनेल बनवणाऱ्यांच्या मोजमापात ते टिकून राहिले. फोटोंसाठीचे सर्वसाधारण प्रमाण आहे एसआरजीबी, जे एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६च्या सुमारास मांडले. इंटरनेटवरचे बहुसंख्य फोटो याच मापात असतात आणि बहुतेक लॅब फाइलही याच मापात मागतात. ४५ टक्के एनटीएससी म्हणजे एसआरजीबीचे साधारण ६० ते ६५ टक्के. ७२ टक्के एनटीएससी म्हणजे जवळपास पूर्ण एसआरजीबी. त्यामुळे ‘७२ टक्के’ वाचून नाक मुरडू नये आणि ‘४५ टक्के’ म्हणजे निम्मे तरी आहे, असे समाधानही मानू नये. फोटोच्या कामाला १०० टक्के एसआरजीबी, किंवा त्याच्या अगदी जवळ, ही किमान पायरी आहे. तिच्याखालचे यंत्र बाकी कितीही चांगले असो, या कामासाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो: हल्ली अल्बम छापतो कोण, सगळे फोटो मोबाइलवरच पाहिले जातात, मग इतकी काटेकोर स्क्रीन कशाला? खरे तर हाच मुद्दा चांगल्या स्क्रीनच्या बाजूने जातो. आजच्या अनेक मोबाइलच्या स्क्रीन एसआरजीबी पूर्ण दाखवतात, काही तर त्याहून जास्त. म्हणजे फोटो बनवणाऱ्याची स्क्रीन तो पाहणाऱ्याच्या स्क्रीनपेक्षा तोकडी. वाढवून ठेवलेले सगळे रंग पाहणाऱ्याच्या हातात आणखी भडक होऊन पोहोचतात.

दुसरा आक्षेप थोडा जाणकारांचा असतो. स्क्रीन स्वस्त असली तरी कॅलिब्रेट करून घेता येते, असे ते म्हणतात. कॅलिब्रेशनचे छोटे उपकरण स्क्रीनवर ठेवून रंग मोजले जातात आणि त्यांतले विचलन सुधारणारे प्रोफाइल तयार होते. ही पद्धत उत्तम आहे आणि गंभीरपणे काम करणाऱ्याने ती अवलंबावीच. पण कॅलिब्रेशन जे आहे ते बरोबर करते, नसलेले निर्माण करत नाही. पाच-सहा सुरांचीच बाजाची पेटी असेल तर ती कितीही सुरात लावली तरी सातवा सूर निघणार नाही. जो लाल पॅनेलला दाखवताच येत नाही, तो प्रोफाइलमुळे दिसू लागत नाही. स्वस्त पॅनेलची आणखी एक मर्यादाही कॅलिब्रेशनने जात नाही. त्यांतली बरीच पॅनेल ६ बिटची असतात, म्हणजे प्रत्येक मूळ रंगाच्या ६४ छटा आणि एकूण २,६२,१४४ रंग. ८ बिटच्या पॅनेलमध्ये प्रत्येकाच्या २५६ छटा, म्हणजे एकूण १ कोटी ६७ लाखांहून अधिक रंग होतात. मधल्या छटांचा आभास ६ बिटचे पॅनेल वेगाने रंग बदलून निर्माण करते. संध्याकाळच्या आकाशात पट्टे दिसू लागले, तर ते फोटोत आहेत की स्क्रीनमुळे दिसताहेत, हे अशा यंत्रावर खात्रीने सांगता येत नाही. जुन्या धाटणीच्या टीएन पॅनेलवर तर मान जरा वर-खाली केली तरी उजेड-अंधार बदलतो. आयपीएस पॅनेलचा आग्रह धरायचा तो यासाठी.

मग सर्वांत महागडी स्क्रीन घेतली की प्रश्न मिटला, हा याच्या विरुद्ध टोकाचा गैरसमज. ‘१०० टक्के पी३’ (म्हणजे एसआरजीबीहून रुंद रंगपल्ला), ओएलईडी, ४के, ५०० निट्स हे शब्द मोठे आकर्षक आहेत. यातला प्रत्येक गुण खरा आहे, पण कामाशी त्याचे नाते तपासावे लागते. ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतः प्रकाश देतो, त्यामुळे काळा रंग खरोखर काळा दिसतो. मात्र कारखान्यातून येताना अशी स्क्रीन बहुधा भडक मोडवर लावलेली असते. आणि एसआरजीबी फोटोतले आकडे रुंद रंगपल्ल्याच्या स्क्रीनला भाषांतर न करता दिले की सगळे रंग वाजवीपेक्षा गडद दिसतात. फोटोशॉप आणि लाइटरूम हे भाषांतर स्वतः करतात. विंडोजमध्ये मात्र हे काम बहुतांशी त्या त्या प्रोग्रॅमवर सोडलेले असते, त्यामुळे तोच फोटो फोटोशॉपमध्ये एक आणि साध्या व्ह्यूअरमध्ये दुसराच दिसू शकतो. म्हणून रुंद पल्ल्याच्या लॅपटॉपमध्ये एसआरजीबी मोड आहे का, हे विचारायलाच हवे. अडोबी आरजीबीची गोष्टही अशीच. त्याचा विस्तार मुख्यतः हिरव्या आणि निळ्या-हिरव्या बाजूला आहे. चांगल्या इंकजेटवर स्वतः कलाप्रिंट काढणाऱ्याला तो उपयोगी पडतो. लॅबला एसआरजीबी जेपीईजी पाठवणाऱ्याने त्यासाठी वेगळे पैसे मोजण्याचे कारण नाही.

निट्सबाबतचा गोंधळ तर रोजचा आहे. प्रिंटशी जुळवून काम करणारे लोक स्क्रीनचा उजेड साधारण ८० ते १२० निट्सवर ठेवतात. पूर्ण उजेडावर एडिट केलेला फोटो कागदावर काळवंडून येतो, कारण कागद स्वतः उजळत नाही. ४००-५०० निट्स खिडकीजवळ किंवा बाहेर काम करताना कामी येतात, रंगांच्या अचूकतेशी त्यांचा संबंध नाही. ४के स्क्रीन देखणी असते, पण पंधरा इंचांत तिचा लाभ मर्यादित आहे आणि बॅटरीवर भार निश्चित आहे. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा असतो. तो ४के स्क्रीनवरही पूर्ण मावत नाही, शार्पनेस पाहायला झूम करावेच लागते.

मॅकबद्दलचा समजही इथेच तपासता येतो. फोटोचे काम मॅकवरच होते, असे अजून ऐकू येते. फोटोशॉप आणि लाइटरूम दोन्हीकडे सारखेच चालतात. मॅकच्या लौकिकाला कारण आहे ते असे की रंगांचे भाषांतर तिथे संपूर्ण प्रणालीच्या पातळीवर होते आणि अलीकडच्या मॅकबुकच्या स्क्रीन कारखान्यातूनच बऱ्यापैकी अचूक येतात. म्हणजे स्क्रीन पाहून घेण्याची कटकट कंपनीने आपल्या वतीने केलेली असते. विंडोज लॅपटॉपमध्ये तीच खबरदारी स्वतः घेतली, तर फोटोत फरक राहत नाही. मॅक घेणाऱ्याने एक लक्षात ठेवावे: २०२०पासून आलेल्या ॲपलच्या चिपवरच्या मॅकबुकमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही.

आता प्रोसेसर. आय५ आणि आय७ ही नुसती घराण्याची नावे आहेत. कस कळतो तो मागच्या आकड्यांवरून आणि शेवटच्या अक्षरावरून. इंटेलच्या एकाच पिढीतली दोन नावे घ्या. आय७-१२५५यूमध्ये जोरकस काम करणारे २ कोअर आणि कमी वीज खाणारे ८ आहेत. आय५-१२५००एचमध्ये जोरकस कोअर ४ आहेत आणि दुसरे ८. शेकडो फोटो एकदम एक्सपोर्ट करायचे असतील, तर हा ‘लहान’ आय५ त्या ‘मोठ्या’ आय७ला सहज मागे टाकतो. पातळ, देखण्या यंत्रांत बहुधा ‘यू’ अक्षराचे प्रोसेसर असतात. त्यातच पंख्याला जागा कमी असेल, तर दहा मिनिटांच्या सलग कामानंतर उष्णतेमुळे प्रोसेसर स्वतःचा वेग आणखी उतरवतो.

गेमिंग लॅपटॉप फोटोसाठी सर्वोत्तम, हा समज सर्वांत महागात पडणारा आहे. अशा यंत्राची किंमत ग्राफिक्स कार्ड आणि १४४ हर्ट्झच्या स्क्रीनमध्ये जाते. स्थिर फोटो सेकंदाला १४४ वेळा ताजा झाला काय आणि ६० वेळा झाला काय, दिसतो तसाच. उलट कमी किमतीच्या अनेक गेमिंग लॅपटॉपमध्ये तेच ४५ टक्के एनटीएससीचे पॅनेल बसवलेले असते. तरीही ग्राफिक्स कार्डाचा उपयोगच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. एप्रिल २०२३मध्ये लाइटरूममध्ये एआय डीनॉइझ आले, आणि हे काम जवळजवळ सर्वस्वी ग्राफिक्सवर चालते. चांगल्या कार्डावर जे काही सेकंदांत होते, त्याला साध्या यंत्रावर एकेका फोटोमागे काही मिनिटे लागतात. मंगल कार्यालयातल्या अपुऱ्या उजेडात, चढ्या आयएसओवर शेकडो फोटो काढणाऱ्याला हा फरक मोठा आहे; त्याने मध्यम प्रतीचे स्वतंत्र कार्ड जरूर घ्यावे. निसर्गाचे किंवा घरगुती फोटो काढणाऱ्याला त्याची गरज पडत नाही. आणि दोघांनीही ते स्क्रीनच्या बदल्यात घेऊ नये.

रॅमचा हिशेब मात्र सरळ आहे आणि तो स्वतः करून पाहावा. २४ मेगापिक्सेलचा फोटो १६ बिटमध्ये उघडला की प्रत्येक पिक्सेलला तीन रंग, प्रत्येक रंगाला २ बाइट, म्हणजे एकूण १४४ एमबी. फोटोशॉपमध्ये पूर्ण चित्राचे दहा लेअर झाले की झाले १,४४० एमबी, आणि मागे जाता यावे म्हणून जपलेली हिस्ट्री वेगळी. कॅमेरा ४५ मेगापिक्सेलचा असेल तर एकेक लेअर २७० एमबीचा होतो. ८ जीबी रॅममध्ये विंडोज, ब्राउझर आणि हे सगळे बसवताना यंत्र रेंगाळते ते यामुळेच. १६ जीबी ही आजची योग्य सुरुवात. पुष्कळ लेअरचे काम किंवा पॅनोरामा असतील तर ३२ जीबी घ्यावी. त्यापुढचा खर्च बहुतेकांच्या बाबतीत वाया जातो. अलीकडे अनेक पातळ विंडोज लॅपटॉपमध्येही रॅम बोर्डावर कायमची जोडलेली असते, तेव्हा ‘नंतर वाढवू’ हा बेत आखण्याआधी मोकळा स्लॉट आहे याची खात्री करावी. साठवणीचाही असाच हिशेब आहे. एका लग्नाच्या २,५०० रॉ फाइल, प्रत्येकी ३० एमबीच्या धरल्या, तर ७५ जीबी होतात. ५१२ जीबीच्या एसएसडीत सरत्या हंगामाची चार-पाच लग्ने मावतात आणि मग ती बाहेरच्या ड्राइव्हवर हलवावी लागतात. दोन प्रती ठेवायच्या असतात, हे धरून खर्च मांडावा.

एवढा आग्रह स्क्रीनचा असेल तर लॅपटॉप साधा घेऊन वेगळा मॉनिटर का जोडू नये, हा आक्षेप मला मान्य आहे. बहुतेक काम एका जागी टेबलावर बसून होत असेल, तर पुरेशी रॅम असलेला मजबूत लॅपटॉप आणि १०० टक्के एसआरजीबीचा २४ इंची आयपीएस मॉनिटर ही जोडी महागड्या स्क्रीनच्या लॅपटॉपपेक्षा अनेकदा स्वस्त पडते आणि डोळ्यांनाही सुखाची ठरते. मात्र रंगांचे निर्णय मग मॉनिटरवरच घ्यायचे, प्रवासात लॅपटॉपवर फक्त निवड आणि क्रॉपिंग करायचे, ही शिस्त पाळावी लागते.

एकाच मॉडेलच्या नावाखाली वेगवेगळी पॅनेल विकली जातात, म्हणून दुकानात नुसते नाव न विचारता पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून घ्या आणि नोटबुकचेकसारख्या संकेतस्थळावर त्या पॅनेलची प्रत्यक्ष मोजलेली माहिती पाहा. शक्य असेल तर चांगल्या लॅबमधून आलेला एक प्रिंट आणि त्याचीच फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन जा. स्क्रीनवरचा भडक मोड आणि नाइट लाइट बंद करायला सांगा, उजेड कमी करा आणि प्रिंट शेजारी धरा. चेहऱ्याचा रंग, लाल कापड आणि सावलीतला तपशील तेवढे पाहा. तिन्ही जुळत असतील, तर मग विचारा की आत प्रोसेसर कोणता आहे.