गर्भातील हृदय : मेणाच्या पट्ट्यांपासून त्रिमितीय प्रतिमेपर्यंत

बाळ हृदयदोष घेऊन जन्मले की आईने ग्रहणात काय चिरले, याची चौकशी आजही आपल्या घरांतून होते. कुणी गतजन्मीचे पापही काढते. वस्तुतः हृदय आरंभी एक साधी नळी असते. गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस ती स्पंदू लागते, पीळ घेते, आणि आठव्या आठवड्यापर्यंत तिचे चार कप्पे होतात. हजार जन्मांमागे सुमारे आठ ते दहा बालकांत या घडणीत उणीव राहते. ती राहते तेव्हा कित्येक मातांना आपण गरोदर असल्याचेही नीट उमगलेले नसते!

ही घडण पाहण्याची धडपड जुनी आहे. 1883 साली ब्रेस्लाऊच्या गुस्ताव बोर्न यांनी एक पद्धत प्रसिद्ध केली. मृत भ्रूणाचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे, मोठे करून मेणाच्या पट्ट्यांवर रेखाटायचे, कापायचे आणि एकावर एक रचायचे. आजचा संगणक तत्त्वतः हेच करतो. मात्र आता हृदय जिवंत असते. विसाव्या आठवड्यात ते जेमतेम दोन सेंटीमीटरचे, आणि ठोके मिनिटाला 110 ते 160! म्हणून सोनोग्राफीचे यंत्र दहाएक सेकंद हृदयावरून हळूहळू छेद टिपत जाते. संगणक प्रत्येक चित्र हृदयचक्रातील त्याच्या नेमक्या क्षणी बसवून अनेक ठोक्यांतून एकच सलग, फिरवून पाहता येणारा ठोका उभा करतो.

लंडनच्या संशोधकांनी एमआरआयच्या बाबतीत, गर्भाची हालचाल गणिताने दुरुस्त करून, असेच केले. हृदयदोषाचा संशय असलेल्या 85 गर्भांचा त्यांचा अभ्यास 2019 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आला. विशेष म्हणजे त्यासाठी नवे यंत्र लागले नाही. मोठ्या रक्तवाहिन्यांची गुंतागुंत अधिक स्पष्ट दिसली.

आमच्या मते खरे महत्त्व या वाहिन्यांचेच. महाधमनी व फुप्फुसधमनी यांची अदलाबदल झालेली असली, तरी सपाट चित्रात चारही कप्पे निकोप दिसू शकतात. हा दोष आधी कळल्यास प्रसूती हृदयशस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात ठरवता येते, आणि जन्मानंतर मिटू पाहणारी गर्भावस्थेतील वाहिनी औषधाने उघडी ठेवता येते. त्रिमितीय तंत्र सर्वत्र नाही. पण अठरा ते वीस आठवड्यांच्या साध्या सोनोग्राफीत कप्प्यांबरोबर दोन्ही वाहिन्या पाहिल्या का, हे डॉक्टरांना प्रत्येक पालकाने विचारावे. मुलगा की मुलगी, हे विचारणे मात्र 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे.