आंबे बहारातील डाळिंबाची निगा : विश्रांती, छाटणी आणि पाण्याचा हिशेब

प्रस्तावना :

डाळिंब हे मूळचे इराण व त्यालगतच्या प्रदेशातील फळझुडूप होय. कडक हिवाळ्याच्या प्रदेशात ते पाने गाळून विश्रांती घेते आणि वसंतात नव्या पालवीबरोबर फुलते. दख्खनच्या पठारावरील हिवाळा त्यास अशी विश्रांती देण्याइतका थंड नसतो. परिणामी, मोकळे सोडल्यास हे झुडूप येथे वर्षभर थोडेथोडे फुलत राहते व कोणत्याही एका हंगामात भरघोस फळ देत नाही. निसर्गाकडून न मिळालेली ही विश्रांती पाणी तोडून घडवून आणणे, हे 'बहार धरणे' या पद्धतीचे मर्म आहे. हिवाळ्याच्या अखेरीस धरल्या जाणाऱ्या आंबे बहारातील निगेचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बहाराची निवड :

महाराष्ट्रात डाळिंबाचे तीन बहार प्रचलित आहेत. जून-जुलैमधील मृग बहार पावसाच्या पाण्यावर येतो. परंतु दमट हवेत तेल्या या जिवाणूजन्य रोगाचा धोका सर्वाधिक असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील हस्त बहारात जमीन ओली असल्याने ताण बसण्याची खात्री नसते. जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे आंब्याला मोहोर येण्याच्या सुमारास फुलणाऱ्या आंबे बहारात हवा कोरडी असते, ताण चांगला बसतो आणि रोगाचे प्रमाण कमी राहते. मात्र फळे भर उन्हाळ्यात पोसावी लागतात. म्हणून मे महिन्यात विहिरीत किंवा शेततळ्यात किती पाणी उरेल, या प्रश्नाचे उत्तर डिसेंबरमध्येच शोधणे आवश्यक ठरते. ते उत्तर समाधानकारक नसल्यास आंबे बहार न धरणे हेच शहाणपणाचे होय.

ताण देणे :

बहार धरण्यापूर्वी बागेचे पाणी पूर्णतः बंद केले जाते. हलक्या जमिनीत सुमारे एक ते दीड महिना, तर भारी जमिनीत त्याहून अधिक काळ ताण द्यावा लागतो. या काळात शेंड्यांची वाढ थांबते, फांद्यांमध्ये अन्नसाठा होतो आणि हा साठाच पुढे फुलकळीच्या निर्मितीस कारणीभूत ठरतो. पाने पिवळी पडून गळू लागणे ही ताण पुरेसा बसल्याची खूण समजावी. फांद्या सुकू लागेपर्यंत ताण लांबविल्यास साठा वाढण्याऐवजी खर्ची पडतो. लागवडीनंतरची पहिली दोन वर्षे झुडपाचा सांगाडा तयार होण्याची असल्याने त्या काळात बहार धरू नये.

छाटणी व स्वच्छता :

डाळिंबास फळे प्रामुख्याने पक्व काडीवरील आखूड फुटींच्या टोकाशी लागतात. त्यामुळे द्राक्षाप्रमाणे खरड छाटणी न करता हलकी छाटणी करावी. वाळलेल्या, रोगट व एकमेकींत गुंतलेल्या फांद्या, तसेच बुंध्यातून निघणारे फुटवे काढून टाकावेत. खोडकिडीने एखादे खोड गेले तरी झुडूप टिकावे, यासाठी एकाऐवजी तीन-चार खोडे राखण्याची पद्धत उपयुक्त ठरली आहे.

तेल्याचे जिवाणू कात्रीबरोबर एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातात. म्हणून प्रत्येक झाडानंतर कात्री एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवावी, कापलेल्या जागी बोर्डो मलम लावावे आणि छाटलेले रोगट अवशेष बागेबाहेर नेऊन जाळावेत. त्यानंतर एक टक्का बोर्डो मिश्रणाची (एक किलो मोरचूद, एक किलो चुना व १०० लिटर पाणी) फवारणी करावी.

खत व पहिले पाणी :

ताण तोडताना आळे हलके चाळून त्यात चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. पाच वर्षांवरील झुडपास ६२५ ग्रॅम नत्र, २५० ग्रॅम स्फुरद व २५० ग्रॅम पालाश ही मात्रा सर्वसाधारणपणे सांगितली जाते. यातील निम्मे नत्र पहिल्या पाण्याबरोबर व उर्वरित नत्र तीन-चार आठवड्यांनी द्यावे. पहिले पाणी हलके असावे आणि पुढे ते टप्प्याटप्प्याने वाढवावे. पाण्यातील अनियमितता हे फळे तडकण्याचे एक प्रमुख कारण असल्याने थोडे परंतु नियमित पाणी देणारे ठिबक सिंचन येथे विशेष लाभदायक ठरते.

वेळेचे महत्त्व :

फुलापासून फळ तयार होण्यास साधारणतः पाच ते सहा महिने लागतात. जानेवारीअखेर फुललेली बाग जुलैपर्यंत काढणीस येते. निगेस महिनाभर उशीर झाल्यास काढणीही तितकीच पुढे सरकते. सांगोला, आटपाडी यांसारख्या पर्जन्यछायेतील तालुक्यांत सप्टेंबरमध्ये जोराचा पाऊस होतो. त्यापूर्वी फळ हाती येणे अथवा न येणे, हे बऱ्याच अंशी हिवाळ्यातील या काही आठवड्यांवर अवलंबून असते.

निष्कर्ष :

आंबे बहारातील निगा म्हणजे केवळ कामांची यादी नसून झुडपाच्या विश्रांतीचे नियोजन आहे. सोलापूर येथे २००५ साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र स्थापन झाल्यापासून रोगनियंत्रणाच्या संशोधनास गती मिळाली असली, तरी वर्षातून एकच बहार घेणे व झुडपास पुरेशी विश्रांती देणे यास पर्याय नाही. बाजारभावाच्या मोहाने एकाच वर्षात दोन बहार घेतल्यास अन्नसाठा संपून झुडूप रोगास बळी पडते. परसबागेतील दोन-चार झुडपांनाही हेच तत्त्व लागू पडते. तेथे पानगळीसाठी रसायनांची गरज नसते, केवळ पाणी वेळेवर बंद करण्याचा संयम पुरेसा असतो.