लपवू नका, सांगा!

विद्यार्थी मित्रांनो, 'तंदुरुस्ती हजार नेमत है' ही उर्दू म्हण तुम्ही अनेकदा ऐकली असेल. मराठीत म्हणतात, 'आरोग्य हीच खरी संपत्ती'. ही संपत्ती सांभाळण्यासाठी शाळेतही काही सोयी असतात. त्या कोणत्या, हे आपण पाहू या.

सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा डॉक्टरांचे पथक येते. या कामाला 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम' म्हणतात. २०१३ साली महाराष्ट्रातील पालघर येथे त्याची सुरुवात झाली. पथकात डॉक्टर, परिचारिका व औषधे देणारे कर्मचारी असतात. ते तुमची उंची व वजन मोजतात. डोळे, कान, दात, त्वचा आणि हृदय तपासतात. काही दोष आढळला, तर मोठ्या रुग्णालयात पाठवतात. तेथील उपचारही मोफत असतात.

पण डॉक्टरांना सगळेच दिसत नाही. काही गोष्टी तुम्हीच सांगाव्या लागतात.

एखाद्या मुलाला फळ्यावरची अक्षरे अंधुक दिसतात. तो शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेतो. गुण कमी पडले, की लोक त्याला आळशी म्हणतात. मुले 'चश्मिस' म्हणून चिडवतील, या भीतीने तो गप्प राहतो. खरे तर त्याला फक्त चष्मा हवा असतो! गरजू विद्यार्थ्यांना तो मोफत देण्याचीही सोय आहे.

एखादी मुलगी जिना चढताना दमते. तिला सारखी झोप येते, अभ्यासात लक्ष लागत नाही. कदाचित तिच्या रक्तात लोह कमी असेल. यासाठी सहावी ते बारावीच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी देतात. ती जेवणानंतर घ्यावी, उपाशीपोटी घेऊ नये. गोळीमुळे शौचाचा रंग काळसर होतो. त्याला घाबरू नका. जेवताना लिंबू घ्या. लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा मात्र टाळा, कारण त्यामुळे लोह कमी शोषले जाते.

शरीरासारखे मनही आजारी पडते. परीक्षेची भीती वाटते, झोप लागत नाही, कोणाशी बोलावेसे वाटत नाही. असे बरेच दिवस चालले, तर काय कराल? विश्वासातल्या शिक्षकांशी बोला. २०२० साली सुरू झालेल्या योजनेनुसार शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्याचे खास प्रशिक्षण दिले जाते. शक्यतो त्यांतील एक स्त्री व एक पुरुष असतो. त्यामुळे मुलामुलींना संकोच वाटत नाही. 'टेली मानस'चा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांकही लक्षात ठेवा. तो मोफत असून चोवीस तास चालू असतो. कोणी छळत असेल, तर १०९८ या क्रमांकावर मदत मागा.

मित्रांनो, आजारी पडणे हा गुन्हा नाही. त्यात लाज कसली? डॉक्टर शाळेच्या दारापर्यंत येतात, पण तुमच्या मनातले त्यांना कसे कळणार? पुढच्या तपासणीच्या दिवशी गैरहजर राहू नका. जे दुखते, जे खुपते, ते मोकळेपणाने सांगा. आणि हो, तुमचा मित्र गप्प असेल, तर त्याला चिडवू नका. त्याचा हात धरून त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा.